जुन्या मोटारसायकलचे जाम नट-बोल्ट कसे सोडवायचे

जाम बोल्टशी झटापट सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी: यात काय गेलं तरी चालेल आणि काय जाता कामा नये. बोल्ट गेला तर नवा मिळतो. क्रँककेसचा कान तुटला, सिलिंडर हेडमधले आटे गेले किंवा फ्रेमवरचा ब्रॅकेट उपटला, तर जुन्या गाडीचा तो भाग मिळेलच याची खात्री नाही. तेल, ठोके, उष्णता, करवत, ड्रिल यांपैकी काय आणि कधी वापरायचं, ते याच हिशेबाने ठरतं. बोल्टचा बळी द्यायची वेळ आलीच, तर तो आपण ठरवून द्यायचा. चिडून दांडीवर लोंबकळल्यावर तो तुटला, तर तुटण्याची जागा आपल्या हातात राहत नाही.

पहिल्या प्रयत्नाचंही तसंच. बोल्टचं डोकं पूर्ण शाबूत असतं ते फक्त पहिल्या प्रयत्नाला. हाताला लागला तो पाना अडकवून ‘बघू तरी सुटतो का’ म्हणून दिलेला झटका फुकटात पडत नाही. त्यात कडा थोड्या का होईना झिजतात आणि पुढच्या प्रयत्नाला पकड कमी उरते. म्हणून सगळी तयारी पहिल्या झटक्याच्या आधी.

अडकलाय कशामुळे, ते आधी बघा

वरून सगळे जाम बोल्ट सारखेच दिसतात, पण कारणं वेगळी असतात आणि कारण वेगळं तर उपायही वेगळा.

लोखंडी बोल्ट लोखंडात अडकला असेल, म्हणजे फ्रेम, स्टँड, फूटरेस्ट, सायलेन्सरचा क्लॅम्प अशा जागी, तर बहुतेक वेळा साधा तांबडा गंज असतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली बारीक फट तो ठासून भरतो. मात्र तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. तेल त्यात मुरतं आणि ठोक्याने तो फुटतो.

लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असेल तर गोष्ट वेगळी. डोक्याभोवती पांढरी, भुरभुरीत भुकटी दिसते. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पाण्यात मीठ असेल तर फारच लवकर. हा पांढरा थर घट्ट बसतो आणि तेलाला फारशी दाद देत नाही. इथे उष्णता कामाला येते.

तिसरं कारण म्हणजे थ्रेडलॉकर, आटे चिकटवण्याचं रसायन. बोल्ट स्वच्छ आहे, गंजाचा मागमूस नाही आणि तरी हलत नाही, तर हा संशय घ्यावा. ब्रेक डिस्कचे बोल्ट, मॅग्नेटच्या प्लेटचे स्क्रू, गिअर सिलेक्टरचे बोल्ट या त्याच्या नेहमीच्या जागा. इथे कितीही तेल ओता, उपयोग शून्य. मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर हाताच्या पान्याने सुटतो; जास्त ताकदीचा असेल तर साधारण २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर मऊ पडतो, आणि तो गरम असतानाच फिरवावा लागतो.

चौथं कारण म्हणजे आधीचा मेकॅनिक. आटे तिरके बसवून पान्याने रेटलेले, प्रमाणाबाहेर आवळलेले, चुकीच्या लांबीचा बोल्ट तळाला टेकवून घट्ट केलेला. डोक्यावरच्या जुन्या ओरखड्यांवरून याचा अंदाज येतो.

काही वेळा तर बोल्ट जाम नसतोच, तो मुद्दाम अडवलेला असतो. स्प्रॉकेटच्या नटाखाली वॉशरची जीभ दुमडलेली असते, अ‍ॅक्सलला कॉटर पिन असते, क्लचच्या नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. जीभ सरळ करा, पिन काढा, ठोकलेली कड बारीक छिन्नीने उचला, पाना त्यानंतर. उलट्या आट्यांचंही लक्षात ठेवा. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाला उलटे आटे असतात. जुन्या बुलेटमध्ये टायमिंगच्या बाजूला ऑइल पंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्यांचा असतो. ज्या जागी फिरणारा भाग साध्या नटाला आपोआप सैल करू शकतो, तिथे असे आटे सापडतात. शंका आली तर त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा, कारण उलट्या आट्यांचा नट ‘सोडवण्या’साठी लावलेला सगळा जोर तो आवळण्यात जातो.

सफाई, तेल आणि वाट पाहणं

तारेच्या ब्रशने डोकं, वॉशरची कड आणि पलीकडे बाहेर आलेले आटे घासून काढा. हे बाहेर आलेले आटे फार महत्त्वाचे. नट सुटताना त्यांच्यावरूनच जाणार आहे, आणि तिथला गंज, रंग किंवा चिखल तसाच राहिला तर दोन वळसे सुटलेला नट पुन्हा जाम होतो. अ‍ॅलन बोल्टच्या, म्हणजे डोक्यात षटकोनी खड्डा असलेल्या बोल्टच्या, खड्ड्यात वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती ठासलेली असते. ती टोच्याने उकरून काढली नाही तर की अर्धीच आत जाते आणि खड्डा गोल करून बाहेर येते. डोक्यावर रंगाचा थर असेल तर डोकं आणि केसिंग यांच्या सांध्यावरून ब्लेड फिरवा.

मग मुरणारं तेल, म्हणजे पेनिट्रेटिंग ऑइल. घराघरात असणारं डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं आणि चाळीस हा सूत्राचा क्रमांक. हलक्या गंजावर ते चालतं, पण हट्टी बोल्टसाठी खास मुरणारं तेल घ्यावं. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून बरेच जण स्वतःचं मिश्रण बनवतात. ते काम करतं, पण दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत म्हणून दर वेळी हलवावं लागतं, शिवाय अ‍ॅसिटोन रंग खातं आणि चटकन पेट घेतं. हे मिश्रण वापरलेल्या जागी त्याच दिवशी ज्योत नको.

तेल जिथून आत जाऊ शकेल तिथे टाका. डोक्यावर ओतलेलं तेल खाली ओघळून जातं. ते डोक्याखालच्या सांध्यात आणि पलीकडच्या आट्यांवर पोहोचलं पाहिजे. शक्य असेल तर गाडी किंवा तो भाग असा कलता करा की तेल थेंबाथेंबाने आत उतरेल. थोडं टाका, हातोडीने डोक्यावर टकटक करा, तासाभराने पुन्हा टाका. रात्रभर राहू द्या, खूप जुना गंज असेल तर दोन-तीन दिवस हाच क्रम चालू ठेवा. कामाचा आराखडाच असा करावा की आज ज्यांना तेल पाजायचं ते बोल्ट आज, आणि हात लावायचा तो परवा. या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार म्हणजे वेळ.

ब्रेकच्या जवळ मात्र हात आखडता घ्या. तेल डिस्कवर किंवा पॅडवर उडालं तर ब्रेक लागणार नाही, आणि ब्रेकच्या रबरी सीलना खनिज तेल चालत नाही, त्या फुगतात. पॅड काढून बाजूला ठेवा, डिस्क झाका, आणि काम झाल्यावर ती जागा ब्रेक क्लीनरने धुऊन घ्या.

पाना कोणता

सहा बाजूंची गोटी, म्हणजे सॉकेट. बारा बाजूंची गोटी किंवा रिंग पाना कोपऱ्यांवर पकडतो आणि गंजून आधीच लहान झालेल्या डोक्याचे कोपरे उडवतो. सहा बाजूंची गोटी सपाट बाजूंवर जोर देते. फिक्स पाना दोनच बाजूंना धरतो आणि जोर आला की जबडा उघडतो, म्हणून तो सुटलेला नट फिरवण्यापुरता. अ‍ॅडजस्टेबल पाना या कामात नकोच.

गाडी जुनी ब्रिटिश बनावटीची असेल तर तिच्यावर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे नट असू शकतात. त्यांच्यावर मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना चढवणं म्हणजे डोकं गोल करण्याची हमी. डोकं गंजून मधल्याच मापाचं झालं असेल, तर एक माप लहान सहा बाजूंची गोटी हातोडीने ठोकून चढवा. गोटी घट्ट बसली की पकड नव्या डोक्यासारखी मिळते.

अधिकच्या चिन्हासारखी (+) खाच असलेल्या स्क्रूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या जपानी गाड्यांची कव्हरं याच स्क्रूंनी भरलेली असतात आणि तिथेच सर्वाधिक नुकसान होतं. हे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस असतात. पुष्कळांच्या डोक्यावर एका बाजूला बारीक टिंब असतं. फिलिप्सचा बिट त्यांच्या खाचेत पूर्ण उतरत नाही. जोर दिला की वर चढतो आणि खाच खरडून टाकतो. जेआयएस बिट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर फिलिप्स बिटाचं टोक किंचित घासून बोथट करा, म्हणजे तो तळाला न टेकता बाजूंना टेकतो. बिटाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट थोडी लावली तर पकड आणखी वाढते.

आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, हातोडीने ठोकायचा. आधी तो सोडवण्याच्या दिशेला लावलेला आहे ना ते बघा, कारण बहुतेक इम्पॅक्ट ड्रायव्हर दोन्ही बाजूंना चालतात. बिट खाचेत ताठ, कव्हरला अगदी काटकोनात. मूठ सोडवण्याच्या दिशेला थोडी पिळून धरा, म्हणजे आतली ढिलाई संपते. आता वजनदार हातोडीचा एकच सरळ ठोका. ठोक्याचा दाब बिटाला खाचेत खाली दाबून धरतो आणि त्याच क्षणी यंत्रणा त्याला थोडं फिरवते, त्यामुळे वर चढायला तो मोकळाच राहत नाही. शिवाय तो हादरा आट्यांतला गंजही फोडतो. हलक्या हातोडीचे दहा ठोके मारण्यापेक्षा जड हातोडीचे दोन बरे. हलक्या ठोक्यांनी फक्त खाच झिजते. दोन-तीन ठोक्यांत हालचाल दिसली नाही तर थांबा आणि उष्णतेकडे वळा. कार्बोरेटरवर किंवा पातळ, खाली आधार नसलेल्या कव्हरवर हे हत्यार कधीही चालवू नका.

कव्हरचे सगळे स्क्रू आधी फक्त पाव वळसा सैल करा, आणि मगच एकेक पूर्ण काढा. एकेक करून काढत गेलात तर कव्हरचा सगळा ताण उरलेल्या शेवटच्या एक-दोन स्क्रूंवर येतो, आणि नेमके तेच अडतात. सिलिंडर हेडचे नट थंड इंजिनवर, आमनेसामने, थोडे थोडे.

मोठे नट, म्हणजे क्लच, पुढचं स्प्रॉकेट, मॅग्नेट, हे इंजिन फ्रेममध्ये असतानाच सैल करून ठेवा. गाडी चाकांवर उभी असेल तर तिचं सगळं वजन तुमच्या बाजूने असतं. तेच इंजिन टेबलावर घेतलं की पाना फिरवताना ते टेबलभर नाचतं. स्प्रॉकेटच्या नटासाठी चेन काढू नका, गाडी गिअरमध्ये टाका आणि कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा.

जोर कसा लावायचा

आधी थोडं आवळा. उलटं वाटेल, पण आवळण्याच्या दिशेला दिलेला एक छोटा झटका गंजाचा थर तोडतो आणि तो तुटला की सोडवणं हलकं होतं. बोल्ट हलला की लगेच पूर्ण फिरवायची घाई नको. पाव वळसा सोडा, तेल टाका, अर्धा तितका परत आवळा, पुन्हा सोडा. आट्यांमधली भुकटी अशी पुढेमागे केल्याने मोकळी होते. एकाच दिशेला रेटत गेलं तर ती एका जागी साचून बोल्ट पुन्हा पकडते.

हाताला काय जाणवतंय ते ओळखायला शिकावं लागतं. गंजलेला बोल्ट सुटताना ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो आणि पाना एकदम थोडासा पुढे सरकतो. पुढे फिरवताना करकर ऐकू येते. हे चांगलं लक्षण. याउलट, पाना आवाज न करता फिरतोय, पण रबर पिळल्यासारखा, आणि जोर काढल्यावर थोडा मागे येतोय, तर बोल्ट पिळला जातोय आणि डोक्याखालचे आटे जागचे हललेले नाहीत. त्या क्षणी थांबायचं. आणखी पाव वळशात तो तुटेल.

एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या बाबतीत हे आकड्यात सांगता येतं. २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला की साधारण २० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) होतात. अ‍ॅल्युमिनियम केसिंगमध्ये एम६ बोल्ट आवळायचा असतो साधारण १० ला. म्हणजे पान्यावर पाइप चढवायच्या कितीतरी आधीच तो तुटण्याच्या टप्प्यात पोहोचलेला असतो. पाइप आणि लांब दांडी अ‍ॅक्सल, स्विंग आर्म, स्प्रॉकेट अशा जाड बोल्टसाठी. बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन जाड नटांवर उत्तम चालते, कारण तिचे छोटे छोटे झटके पिळण्यापेक्षा हादरवण्याचं काम जास्त करतात. पण एम६ वर तिचा घोडा दाबणं हा जुगार आहे.

अ‍ॅक्सल किंवा स्विंग आर्मचा लांब बोल्ट नट निघाल्यावरही नळीत गंजून बसलेला असतो. त्याच्या उघड्या टोकावर थेट हातोडी मारली तर टोक फुलतं आणि मग तो कुठूनच निघत नाही. नट परत चढवा, नटाचं तोंड बोल्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतका, आणि त्यावर पितळी किंवा तांब्याची हातोडी मारा, नाहीतर मध्ये लाकडाचा ठोकळा धरा. तो थोडा हलला की डोक्याला पाना लावून गोल फिरवत ठोका. फिरत फिरत निघणारा बोल्ट सरळ ठोकलेल्यापेक्षा लवकर निघतो.

उष्णता

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. अ‍ॅल्युमिनियमचा प्रसरणांक अंशाला दशलक्षातले सुमारे २३ भाग, पोलादाचा सुमारे १२. म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टभोवतीचं केसिंग १०० अंशांनी तापवलं तर भोक बोल्टपेक्षा सुमारे ०.००९ मिलिमीटर जास्त वाढतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो पांढरा थर तडकवायला पुरतो. म्हणून तापवायचं ते बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम. लोखंडी नट लोखंडी स्टडवर, म्हणजे डोकं नसलेल्या, आत बसवलेल्या आट्यांच्या दांड्यावर असेल तर नट तापवायचा. बाहेरचा भाग वाढला पाहिजे, हे सूत्र दोन्हीकडे तेच.

सुरुवात हॉट एअर गनने करा. थ्रेडलॉकर, कव्हरचे स्क्रू, कॅलिपरचे बोल्ट यांना बहुधा तेवढं पुरतं, आणि एका जागी अति तापून भाग वाकण्याची भीती कमी असते. केसिंगवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो चुरचुरून उडाला म्हणजे १०० च्या वर गेलो. अ‍ॅल्युमिनियमवर ज्योत चालवताना मोठा धोका हा की ते लाल होत नाही. रंग न बदलताच ते मऊ पडतं आणि वितळायलाही लागतं. म्हणून ज्योत एका जागी न धरता सतत फिरती ठेवा. आत तेलाचे सील आणि बेअरिंग असतात, तिकडेही लक्ष असू द्या.

जाड लोखंडी नट ज्योतीने लाल होईपर्यंत तापवून पूर्ण थंड होऊ देणं हाही एक मार्ग आहे. एकदा फुगून आणि मग आकसून गंजाची पकड सुटते. तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि सोडवताना वंगणाचं काम करतं.

ज्योत पेटवण्याआधी पेट्रोलची टाकी, कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी गाडीवरून काढून दूर ठेवा. नुसता कॉक बंद करणं पुरेसं नाही, कारण उरलेली वाफही पेटते. बॅटरी काढा. ज्या जागी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारला असेल तिथे उष्णता अजिबात नको; ते रसायन तापलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असलेल्या बोल्टचा धूरही घातक, म्हणून काम उघड्यावर करा. शॉक अब्सॉर्बरला ज्योत कधीच लावू नका.

सायलेन्सरच्या बेंडचे, म्हणजे इंजिनमधून निघणाऱ्या वाकड्या नळीचे नट हा या सगळ्याचा कळस. हेडच्या तोंडाशी एम६ किंवा एम८ चे स्टड, हजारो वेळा तापून थंड झालेले, गंजून मधोमध बारीक झालेले. इथे मी नट वाचवायचा प्रयत्नच करत नाही. तेल, मग नट चांगला तापवणं, मग सहा बाजूंच्या गोटीने पुढेमागे. स्टड पिळल्यासारखा वाटला की पाना बाजूला ठेवायचा आणि नट स्प्लिटरने किंवा बारीक ग्राइंडरने नटाची एक बाजू आट्यांच्या अलीकडपर्यंत कापून छिन्नीने फोडायची. नट गेला, स्टड राहिला. स्टड हेडमध्ये तुटला असता तर पुढचा पूर्ण दिवस गेला असता.

ब्रेकचा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, आतून पोकळ असतो, म्हणून पिळताना चेपतो आणि तुटतो. त्याच्या भोकात घट्ट बसेल अशा ड्रिलची गुळगुळीत मागची दांडी घाला, सहा बाजूंची गोटी बसत नसेल तर ग्रिप प्लायरने पकडा, आणि हॉट एअर गनने कॅलिपर तापवून सोडवा. आत ब्रेक फ्लुइड राहिलं असेल तर ते उकळून उडतं, चष्मा हवाच.

डोकं गोल झालं तर

ग्रिप प्लायर सगळ्यांच्या हाताशी असतो आणि बाहेर आलेल्या गोल डोक्यावर तो चांगला चालतो, मात्र पहिल्याच पकडीत. घसरला की डोकं आणखी गुळगुळीत. त्यापेक्षा कानशीने डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून त्यावर लहान मापाचा पाना चढवणं खात्रीचं. अ‍ॅलनचा खड्डा गोल झाला असेल तर त्यात किंचित मोठा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचा) बिट हातोडीने ठोकून बसवा. खाच गेलेल्या स्क्रूच्या डोक्यावर कडेला धारदार छिन्नी सोडवण्याच्या दिशेला तिरकी धरून ठोका मारला तरी बरेचदा तो हलतो, कारण हादराही मिळतो आणि फिरकीही.

कव्हरच्या स्क्रूचं डोकं पूर्णच गेलं असेल तर मोठ्या ड्रिलने डोकंच उडवून टाका. डोकं गेलं की कव्हर निघतं, ताण संपतो, आणि उरलेला दांडा कित्येकदा बोटांनी फिरतो. यात तोटा काहीच नाही, आणि तरी लोक हा उपाय शेवटी करतात.

तुटलाच तर

दांडा बाहेर दिसत असेल तर नशीब बलवत्तर. दोन नट चढवून एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून सोडवा. आटे खराब असतील तर दांड्यावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग करा. या उपायात वेल्डिंगची उष्णता थेट गाभ्यात जाते आणि तीच अर्धं काम करते. नट लाल असताना नको, थोडा निवाला की हलवा. समपातळीत किंवा किंचित आत तुटलेल्या बोल्टवरही चांगला वेल्डर आधी वेल्डचा छोटा उंचवटा बांधून त्यावर नट जोडू शकतो. अ‍ॅल्युमिनियमला पोलादाचं वेल्ड चिकटत नाही, हे इथे पथ्यावर पडतं.

वेल्डिंग शक्य नसेल तर ड्रिल. तुटलेलं तोंड वाकडंतिकडं असतं; ते आधी कानशीने किंवा छोट्या ग्राइंडिंग बिटाने सपाट करा. मग सेंटर पंच. या एका खुणेवर पुढचं सगळं काम उभं आहे, म्हणून घाई नको: हलका ठोका, भिंगातून बघा, केंद्र सरकलेलं असेल तर पंच तिरका धरून खूण सरकवा, आणि नेमकी मध्यावर आल्यावरच जोरात मारा. पोलाद अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कठीण असल्याने केंद्र चुकलेलं ड्रिल मऊ बाजूला पळतं आणि केसिंग खातं. आधी २ ते ३ मिलिमीटरचं बारीक भोक, कमी वेग, कटिंग ऑइल. पुढचं ड्रिल शक्यतो उलट्या फिरकीचं घ्या. कित्येकदा ते अडकतं आणि तुटलेला तुकडा स्वतःच बाहेर घेऊन येतं.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटं फिरवत घुसवायचं हत्यार, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त खपतं. ते अतिशय कठीण आणि ठिसूळ पोलादाचं असतं. ज्या बोल्टला पूर्ण डोकं असताना पाना हलवू शकला नाही, त्याला त्याच्या पोटातल्या बारीक एक्स्ट्रॅक्टरने हलवायचं, ही अपेक्षाच वेडी आहे. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला शिवतही नाही. मग कार्बाइडचा बिट किंवा स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं), म्हणजे थेट मशीन शॉप. आवळण्याच्या अतिरेकाने तुटलेल्या, पण गंज नसलेल्या बोल्टसाठी एक्स्ट्रॅक्टर ठीक. गंजून तुटलेल्यासाठी नाही.

त्याऐवजी भोक मोठं करत जा. एम६ च्या आट्यांचं मूळ भोक ५ मिलिमीटरचं, एम८ चं ६.८ चं. केंद्र अचूक असेल तर या मापाच्या जरा अलीकडे थांबल्यावर बोल्टची फक्त पातळ सालटी उरते. ती टोच्याने सोलून काढून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवता येतो. केंद्र हुकलं किंवा आटे गेले तर हेलिकॉइलसारखी तारेची आट्यांची गुंडाळी बसवा. अ‍ॅल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते, त्यामुळे त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

एक जुना, सावकाश उपायही आहे: तुरटी. घड्याळजी पितळी प्लेटमध्ये तुटलेला पोलादी स्क्रू काढायला तुरटीचं संपृक्त, गरम द्रावण वापरतात. ते पोलाद खातं आणि पितळ सोडतं. इंजिनवरून सुटा केलेल्या लहान अ‍ॅल्युमिनियम भागावरही हे करता येतं, वेळ भरपूर लागतो. जस्तमिश्रित धातूच्या कार्बोरेटरवर मात्र नको.

परत बसवताना

भोकातले आटे टॅपने किंवा आटे साफ करायच्या चेसरने हलक्या हाताने स्वच्छ करा, भुकटी हवेने उडवा. तळाशी तेल साचलेल्या बंद भोकात बोल्ट आवळला तर तेलाला जागा न मिळाल्याने केसिंग तडकू शकतं. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणाऱ्या ग्रीसचा पातळ थर लावा, आणि वंगण लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त ताण देतो हे धरून आवळणं थोडं कमी ठेवा. नवीन स्पार्क प्लगना अँटी-सीझ लावू नका असंच ते बनवणारी एनजीके कंपनी सांगते. त्यांच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो.

स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट घालायचा मोह होतो. गंजत नाहीत हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये तेही तीच पांढरी भुकटी तयार करतात, त्यामुळे अँटी-सीझ त्यांनाही हवंच. शिवाय नेहमी मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ८.८ दर्जाच्या साध्या पोलादी बोल्टपेक्षा कमजोर असतो. कव्हरला चालेल, कॅलिपर आणि अ‍ॅक्सलला मूळ दर्जाचाच घ्या.

बेंडच्या स्टडवर पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट चढवा. इंजिन एकदा पूर्ण गरम करून थंड झालं की ते पुन्हा एकदा तपासा, कारण नवीन गास्केट पहिल्या उष्णतेत थोडी दबते आणि नट सैल पडतात.